वर कसं आहे?

डाग्नी इप्सन सकाळी गोदीवर आली की आधी थोर्किलच्या होडीकडे बघून थुंकायची. पाण्यात थुंकायची, होडीवर नाही. दुसऱ्याच्या होडीवर थुंकणं रीतीत बसत नव्हतं, आणि रीती तिला तिच्या बापाने शिकवल्या होत्या. बाप गेला, रीती राहिल्या. माणूस मेल्यावर त्याच्या वस्तूंपेक्षा त्याचे नियमच घरात जास्त जागा अडवतात.

गोदी जुनी, काळ्या चिऱ्यांची. चिरे बेटावरच्याच खाणीतले, आणि त्यातले काही तिच्या बापाने फोडलेले. जागा एवढी अरुंद की होड्या जोडीजोडीने लागायच्या. एक धक्क्याला चिकटून, दुसरी तिला चिकटून. आतल्या होडीचा मालक सरळ धक्क्यावर पाय टाकायचा. बाहेरच्या होडीच्या मालकाला दर वेळी आतल्या होडीच्या डेकवरून चालत जावं लागायचं, आणि तेही हवं तसं नाही. पुढच्या टोकाकडून ओलांडायचं. पायात मऊ तळव्यांचे बूट. मागे माणसं बसतात तिकडे पाय ठेवायचा नाही, आत डोकावायचं नाही. सुटताना बाहेरची आधी सुटायची, मग आतली. आणि दुसऱ्याने बांधलेल्या दोराला हात लावायचा नाही, कधीच नाही.

बाहेरची लाकडी होडी, 'लेर्के', डाग्नीची. आतली पांढरी, फायबरची, थोर्किलची. थोर्किल म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, गुद्रुनचा नवरा. लेर्केच्या शेजारची जागा रिकामी झाली तेव्हा गोदीच्या क्लबच्या समितीत बसून त्याने ती स्वतःच्या नावावर करून घेतली होती. तेव्हापासून डाग्नीला दिवसातून दोनदा मेहुण्याच्या डेकवरून चोरासारखं चालावं लागायचं. दोन होड्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये रबराचे फुगे लोंबत. माणसांच्या मध्ये तेवढीही सोय नव्हती.

भांडण बापाच्या मरणाइतकंच जुनं होतं. खाणीतली धूळ फुप्फुसात साठून तो गेला. शेवटची दोन वर्षं गुद्रुनने त्याचं अंथरूण बदललं, थुंकीची वाटी धुतली. डाग्नी त्या वेळी हेरिंगच्या भट्टीवर होती. पहाटेपासून मासे सळ्यांवर ओवायचे, आल्डरच्या लाकडाच्या धुरात टांगायचे, संध्याकाळी डोळे चोळत घरी यायचं. आठवड्यातून एकदा ती बापाकडे जायची आणि त्याच्याशी फक्त होडीबद्दल बोलायची. बाप मरताना म्हणाला, घर गुद्रुनला, होडी डाग्नीला. दोघींनाही वाटलं, दुसरीला जास्त मिळालं. गुद्रुनने वर्षाच्या आत घर कोपनहेगनच्या उन्हाळी पाहुण्यांना विकलं. त्यांनी दाराला निळा रंग दिला. डाग्नी त्या रस्त्याने पुन्हा गेली नाही. भट्टीवर जायला लांबचा वळसा पडायचा, तो ती घ्यायची.

"तिला घर नको होतं, आणि मी विकलं तर तिला राग," गुद्रुन गावात सांगायची. "तिला बापाची सेवा नको होती, बाप मात्र हवा होता."

हे डाग्नीच्या कानावर आलं होतं. ते खरं होतं म्हणून तिला जास्त झोंबलं.

मागच्या उन्हाळ्यात भट्टीच्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. लेर्के वर्षभर ताडपत्रीखाली जमिनीवर राहिली. शरद ऋतूत, हंगाम संपून क्लबचा ध्वज उतरवायच्या दिवशी, थोर्किलने सभेत नवा नियम मांडला. गोदीत मेलेल्या होड्या जागा अडवून बसतात, तो म्हणाला. वसंतात ध्वज पुन्हा चढेल त्या शनिवारी, तोफ वाजायच्या आत, जी होडी स्वतःच्या शिडावर गोदीबाहेरच्या हिरव्या बोयाला वळसा घालून येणार नाही, तिची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत सगळ्यात वर कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. येप्पे. थोर्किलचा जावई. सभेने हात वर केले. डाग्नी काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "माझं नाव घालूनच लिहा की नियम. शाई कशाला वाचवता?" कुणी हसलं नाही.

बापाने फोडलेल्या चिऱ्यांच्या गोदीतला तो होडीभर पाण्याचा तुकडा, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. तो सोडायचा नाही, हे तिने हॉस्पिटलच्या खाटेवर ठरवलं होतं.

एप्रिलच्या शेवटी होडी पाण्यात उतरली. वर्षभर सुकलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत आलं. ते येणारच, लाकूड फुगेपर्यंत उपसत बसायचं. धक्क्यावरच्या बाकावरून क्लबचा अध्यक्ष याल्मार ओरडला, "डाग्नी, होडी आहे की भिजत घातलेले वाटाणे?"

"वाटाणे भिजले की फुगतात," ती म्हणाली. "तुझं डोकं इतकी वर्षं भिजतंय बिअरमध्ये, त्याचं काय झालं?"

मग ती एकेक बारीक दुखणं काढत बसली. शिडाचा दोर अडकवायचा खुंटा हलत होता. स्क्रू काढला तर भोक कुजून मोठं झालेलं. बापाची रीत: आगकाड्या डिंकात बुडवून भोकात ठोकायच्या, वाळल्या की कापून टाकायच्या आणि त्यात नवा स्क्रू. पंपाचा वायसर वाळून चिरला होता. जुन्या बुटाची जीभ कापून तिने नवा केला. सुकाणूच्या बिजागरीत गंज होता. तो तेलाने सुटला नाही, शिव्यांनी सुटला. एवढं सगळं मेहुण्याच्या नाकासमोर. थोर्किल आपल्या होडीत गादी टाकून बसायचा आणि तिच्या प्रत्येक ठोक्यावर वर्तमानपत्र खाली करायचा.

"आगकाड्या?" त्याने एकदा विचारलं. "उद्या च्युइंगम लावशील."

"तू चावलेलं दे. थुंकी चिकट असते तुझी."

ध्वजाच्या शनिवारआधीच्या मंगळवारी तिने मोठं शीड चढवून बघायला घेतलं. अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. ना वर, ना खाली. दोर ओढला तर डोलकाठीच्या टोकाशी करकर. शेवटी शीड फरफटत खाली आलं, पण दोर तसाच. तिला न बघताच कळलं काय झालं ते. टोकाच्या खाचेतल्या कप्पीच्या चाकावरून दोर घसरला होता, आणि चाक आणि लाकूड यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला होता. पाच मिनिटांचं काम. फक्त ते पाच मिनिटांचं काम आभाळात होतं.

डोलकाठी क्रेनने खाली घेता आली असती. क्रेनची किल्ली थोर्किलकडे.

"क्रेन एक तारखेला बंद झाली," तो म्हणाला. "नियम वाच."

"नियम तू लिहिलास."

"म्हणून तर सांगतोय. मला पाठ आहे."

थोर्किल मूळचा बेटावरचा नव्हता. मुख्य भूमीवरून बँकेत बदली होऊन आला आणि राहिला. इथे जन्मलेल्या माणसाला रीत पाळायचा कंटाळा येतो. थोर्किलला कधी आला नाही. गोदीतली प्रत्येक रीत त्याने परीक्षेसारखी पाठ केली होती, आणि परीक्षा मात्र तो दुसऱ्यांची घ्यायचा.

पण त्या रीतींत एक अशीही होती जी त्याला नडली. कुणी डोलकाठीवर चढणार असेल आणि त्याने दोर धरायला सांगितलं, तर नाही म्हणायचं नाही. वैरी असला तरी. त्याची दुसरी बाजूही होती. वर गेलेल्याने खाली आल्यावर वर काय दिसलं ते सांगायचं, स्वतःच्याच नाही, आसपासच्या सगळ्या काठ्यांचं. खालून टोक दिसत नाही. जो चढतो त्याचे डोळे सगळ्या गोदीचे. लहानपणी डाग्नी हलकी म्हणून बाप तिलाच चढवायचा. गुद्रुन जाड होती, ती धक्क्यावर उभी राहून बघायची. डाग्नी खाली आली की बाप विचारायचा, "वर कसं आहे?" आणि ती फळीवर बसल्या बसल्या सांगायची, सोनेंच्या होडीची तार उसवलीय, कोफोडांच्या होडीची कप्पी कोरडी पडलीय. मोठी माणसं टोप्या काढून ऐकायची.

गुरुवारी सगळे बाकावर जमायच्या वेळेला, मुद्दाम तेव्हाच, ती धक्क्यावर उभी राहिली.

"थोर्किल, दोर धर."

कपातले चमचे थांबले. याल्मारने आपल्या बहिऱ्या कानामागे हात लावला, खरं तर त्याला नीट ऐकू आलं होतं. थोर्किलने चष्मा काढला, पुसला, घातला. मग उठला.

बसायला झोपाळ्याच्या फळीसारखी फळी, पुढच्या शिडाच्या दोराला बांधलेली. तिने हत्यारं सुतळीने कमरेला बांधली, म्हणजे हातातून सुटलं तरी खाली कुणाचं डोकं फुटणार नाही. थोर्किल लेर्केच्या डेकवर पाय रोवून उभा राहिला आणि ओढायला लागला.

"वजन काही नाही तुझं," तो खालून म्हणाला. "नुसती हाडं आणि राग."

"हाडं माझी. राग तुझ्यासाठी राखून ठेवलाय."

"तुझ्या बापाने तुला इथे टांगून ठेवायला हवं होतं, हेरिंगसारखं. धूर देऊन."

"ओढ. बोलताना तुला धाप लागते."

टोकाशी वारा वेगळा असतो. खाली जो नुसता गार वाटतो तो वर माणसाला ओळखून येतो. मोडलेलं हाड आधी कण्हलं, मग बधिर झालं. तिने डाव्या हाताने काठीला मिठी मारली आणि उजव्या हाताने बोथट पेचकस दोराखाली सारला. इंचाइंचाने दोर सुटला. मग आस काढला, चाक पुसलं. खारट, काळा, जुना लगदा निघाला. चाक आणि लाकूड यांत फट राहिली होती, म्हणून दोर घसरत होता; तिथे एक पातळ वायसर बसवला, ग्रीस लावलं, आस ठोकला. बोटाने फिरवून बघितलं. चाक आवाज न करता फिरलं.

"झालं!" ती ओरडली. "खाली घे."

फळी हलली नाही. तिने खाली बघितलं. थोर्किलने दोर खुंट्याला आठाच्या आकारात गुंडाळून बांधला होता, तिच्याच आगकाड्यांवर बसवलेल्या खुंट्याला, आणि तो पुढच्या टोकाकडून, मऊ बुटांनी, रीतसर, धक्क्यावर चालला होता.

"कुठे चाललास?"

"कॉफी." तो मान वर न करता म्हणाला. "दोर धरलाय. खुंटा माझ्यापेक्षा घट्ट धरतो."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू थांबलं, कारण तो खरंच क्लबच्या खोलीत शिरला आणि त्याने दार ओढून घेतलं.

धरणाऱ्याने किती वेळात खाली घ्यावं, हे रीतीत कुठे नव्हतं. आणि त्याने बांधलेल्या दोराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नव्हता. बाकावरची माणसं वर बघत, मग चहाच्या किटलीकडे बघत, मग बुटांकडे. याल्मार एकदा उठला, धक्क्याच्या कडेपर्यंत आला, परत जाऊन बसला. डाग्नी लोंबत राहिली. मांड्यांखाली फळी रुतली. साऱ्या गावाला दिसत होतं. शाळेच्या खिडकीतून, भट्टीच्या दारातून, निळ्या दाराच्या त्या घरातूनही दिसत असणार. म्हातारी बाई वाळत घातलेल्या मोज्यासारखी काठीला.

तिला खाली उतरता येत नव्हतं, म्हणून ती बघत राहिली. आणि बघता बघता तिला दिसलं.

थोर्किलच्या होडीची काठी शेजारीच, हातभर उंचीने कमी. तिच्या टोकाला पुढची तार, काठीला पुढून ताणून धरणारी, एका जाड पिनेने अडकवलेली. त्या पिनेच्या टोकाला एक स्प्लिट पिन असते, केसाच्या काट्याएवढी. ती नसली तर जाड पिन हलत हलत बाहेर येते. ती नव्हती. तुटून पडली असेल, किंवा घालायचीच राहिली असेल. थोर्किलने क्रेनवर ती काठी स्वतःच उभी केली होती, दुसऱ्यांच्या काठ्यांवर ओरडत. जाड पिन अर्ध्याहून जास्त बाहेर आली होती. वाऱ्याने तार हलली की तीही हलायची, म्हाताऱ्याच्या दातासारखी. एकदा जोराच्या वाऱ्यात शीड भरलं की ती निघणार. पुढची तार सुटली की काठी मागे पडते. मागे माणसं बसतात.

डाग्नीने पेचकस धरलेला हात लांब केला. पेचकसाचं टोक पिनेला जवळजवळ टेकलं. आणखी थोडी वाकली असती तर ती आत सरकवता आली असती. धक्क्याकडून कॉफीचा वास आला. तिने हात मागे घेतला.

थोर्किल आला तेव्हा त्याच्या मिशीला क्रीम होती. त्याने आठ सोडवला आणि तिला हळूहळू, काळजीने खाली घेतलं. कुणी चूक काढू नये इतक्या काळजीने. फळी डेकला टेकली. ती बसूनच राहिली.

"वर कसं आहे?" त्याने विचारलं. सवयीने, पाठ केलेलं म्हणून. बाकावरचे सगळे पुढे झुकले. हे ऐकायलाच ते थांबले होते.

"वारा आहे," डाग्नी म्हणाली.

"बाकी?" याल्मारने विचारलं.

"बाकी ठीक."

आयुष्यात पहिल्यांदा ती वरून खोटं घेऊन उतरली.

शुक्रवार तिचा सुखात गेला. असं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तिने शिडाचे हुक तपासले, दोरांची टोकं सुतळीने बांधली, खुंट्याच्या स्क्रूला आणखी एक पीळ दिला आणि अधूनमधून मान वर केली. पिनेची काळी टिकली खालून दिसत नव्हती, पण तिला दिसत होती. ती मनात शनिवार रंगवत होती. सगळं गाव धक्क्यावर. पांढरी होडी बोयाजवळ वळते, वारा भरतो, कडकन आवाज. काठी पडते. थोर्किलच्या डोक्यावर नाही, बाजूला, पाण्यात. ती दर वेळी काठी नेमकी बाजूला पाडत होती. मग तो उघड्या होडीत उभा, तुरा कापलेल्या कोंबड्यासारखा, आणि वल्हं मारत परत. त्याला जीवदान दिल्याबद्दल तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

"आज गुणगुणतेयस," थोर्किल वर्तमानपत्रामागून म्हणाला. "हाड पुन्हा मोडलं की काय?"

"उद्या वारा चांगला आहे म्हणतात."

"माझ्या होडीला चालतो."

"हो," ती म्हणाली. "चालेलच."

शनिवारी पूर्वेकडून वारा आला तो समुद्र खरवडत. ढग खाली, पाणी शिशासारखं. ध्वजस्तंभाखाली याल्मारने पितळी तोफ पुसून ठेवली होती. टेबलावर कडू स्नॅप्स दारूचे पेले, सॉसेज, मोहरी. दोघादोघांच्या जोड्या सुटायला लागल्या, बाहेरची आधी, मग आतली. डाग्नीने शीड उघडून ठेवलं. दोर नुसता दोन बोटांनी ओढून बघितला, सरसर आला. तिचं सगळं तयार होतं. बोया दिसत होता.

तेवढ्यात गुद्रुन आली.

गुद्रुन कधी होडीत बसत नसे. तिला फेरीबोटीतसुद्धा मळमळायचं. आज ती पांढरं जॅकेट घालून, हातात केकची टोपली घेऊन आली आणि थोर्किलच्या हाताला धरून मागच्या बाजूला, बरोबर काठीच्या मागे, बसली. टोपली मांडीवर. येप्पेची जागा आज पक्की होणार, म्हणून केक.

डाग्नीच्या मनातली काठी बाजूला पडेना.

"गुद्रुन," ती म्हणाली. दोघींमध्ये कित्येक वर्षांत गेलेला हा पहिला शब्द. "उतर तिथून."

गुद्रुनने मान वळवली. "काय?"

"खाली उतर. धक्क्यावर जा."

"अजून हुकूमच सोडतेस मला?" गुद्रुन बसल्या जागी आणखी रुतून बसली. "लहानपणी तू वर आणि मी धक्क्यावर. आता मी होडीत बसले तर तेही तुला बघवत नाही?"

"थोर्किल, तुझ्या पुढच्या तारेची पिन निघालीय. टोकाशी. स्प्लिट पिन नाही तिला."

थोर्किल मोठ्याने हसला. धक्क्यावरच्यांनी ऐकावं असं. "ऐकलंत? आता पिन निघालीय! परवा सगळं ठीक होतं. हिला मला इथे अडकवायचंय. मी बाहेर गेलो नाही तर माझीही जागा जाईल, म्हणजे हिशेब पुरा. चल, सोड दोर. तू आधी."

"दुर्बीण घे आणि बघ."

"तुझ्या सांगण्यावरून मी आकाशात बघू? सगळ्यांसमोर? सोड दोर!"

डाग्नीने बोयाकडे बघितलं. मग ती आपल्या होडीच्या पुढच्या टोकावर गेली आणि बसली. तिचे दोर थोर्किलच्या डेकवरून धक्क्यावरच्या कड्यांतून ओवून परत लेर्केला बांधलेले होते, तिच्या गाठींनी. बाहेरची सुटल्याशिवाय आतली सुटत नाही. तिने हात मांडीवर ठेवले.

समजायला थोर्किलला थोडा वेळ लागला.

"ए म्हातारे! हलव होडी!"

ती बसून राहिली.

"वेड लागलंय तुला! तुझी जागा जाईल!"

"माहीत आहे."

"कापून टाकीन दोर!"

"काप. समिती बघतेय."

त्याने खिशातला चाकू काढला. उघडला. याल्मारकडे बघितलं, क्लबच्या टोप्या घातलेल्या समितीच्या रांगेकडे बघितलं. चाकू मिटला. दुसऱ्याच्या दोराला त्याने तीस वर्षांत हात लावला नव्हता, लावणाऱ्यांना क्लबमधून काढलं होतं. धक्क्यावरून लोक ओरडायला लागले. सगळ्यांचा दिवस खराब करतेय. बापाचं नाव घालवलं. हाडासोबत डोकंही आपटलं असेल. गुद्रुन टोपलीला घट्ट धरून बसली होती आणि बहिणीकडे असं बघत होती की डाग्नीने मान दुसरीकडे वळवली. एकेक होडी बोयाला वळसा घालून परतत होती. कुणीतरी सॉसेजचा तुकडा फेकून मारला. तो लेर्केच्या शिडावर बसला आणि मोहरीचा पिवळा डाग पडला. ते शीड तिने हिवाळाभर हाताने शिवलं होतं.

तोफ वाजली. ध्वज चढला, आणि पूर्वेच्या वाऱ्यात कडकड फडफडला.

"झालं?" थोर्किल ओरडला. "मिळालं समाधान? मला दुर्बीण द्या कुणीतरी. दाखवतो तुम्हाला, किती खोटारडी आहे ही!"

दुर्बीण आली. त्याने ती वर लावली, पाय फाकवून, भाषण करणाऱ्यासारखा. तो बघत राहिला. त्याचे पाय हळूहळू जवळ आले. शीड खाली गुंडाळलेलंच होतं, तरी नुसत्या वाऱ्याने तार हलत होती. त्याने दुर्बीण काढली, पुन्हा लावली, मग गुद्रुनला दिली. गुद्रुनने बघितलं. पिन दिसली की नाही कुणास ठाऊक, पण नवऱ्याचा चेहरा दिसला. ती उठली, काठीपासून लांब झाली आणि केकची टोपली तिथेच विसरली.

याल्मार धक्क्याच्या कडेशी आला. "समिती थोर्किलला सूट देईल," तो घसा खाकरत म्हणाला. "त्याची वाट अडवली होती, त्याचा दोष नाही. तुझं मात्र, डाग्नी... नियम आहे."

थोर्किल समितीत होता. त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. डाग्नीने त्याच्याकडे बघितलं नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?" गुद्रुनने विचारलं. ती आता पुढच्या टोकावर उभी होती, बहिणीच्या समोर, मध्ये फक्त रबराचे फुगे.

"गुरुवारपासून."

"आणि मी आले म्हणून बोललीस."

"हो."

"मी आले नसते तर?"

डाग्नीने दोराची गाठ सोडायला घेतली.

"मी विचारलं होतं तुला!" थोर्किल एकदम भडकला, जणू हे वाक्य तो मघापासून शोधत होता. "सगळ्यांसमोर विचारलं होतं, वर कसं आहे. तू म्हणालीस ठीक!"

"हो," डाग्नी म्हणाली. "कॉफी पिऊन आल्यावर विचारलंस."

तिने दोर गोळा केले, त्याच्या डेकवरून ओढून घेतले, ओले, एकही त्याच्या हाताला लागू न देता. शीड चढवलं. चाक वर आवाज न करता फिरलं. लेर्के गोदीच्या तोंडातून बाहेर पडली तेव्हा लोक सॉसेजच्या टेबलाकडे वळले होते. बाहेरच्या धक्क्यावर, जिथे फेरीबोटीच्या लाटा होड्या आपटतात, तिथे उद्यापासून जागा मिळाली तर मिळाली.

ती बोयापर्यंत गेली. जाऊन आता काही उपयोग नव्हता. वळसा घालताना तिने मागे बघितलं. पांढरी होडी तिथेच होती. तिच्यावर दोन माणसं, मान वर करून उभी. दोघांपैकी एकालाही चढता येत नव्हतं.